टाक्यांची साक्ष

मनुष्याने घडविलेली कोणतीही वस्तू पाहिली, की मनात दोन प्रश्न उभे राहतात. ही वस्तू कशासाठी आहे, हा पहिला प्रश्न. आणि ती कशी झाली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा चटकन मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यास मात्र चिकाटी लागते. कारण पुष्कळशा वस्तू आपल्या घडणीच्या खुणा पुसून टाकूनच आपल्यापुढे येतात. भाकरी पाहून पीठ किती वेळ मळले होते ते सांगता येत नाही. मडके पाहून कुंभाराच्या चाकाचे गरके मोजता येत नाहीत. परंतु एक वस्तू अशी आहे, की जी आपल्या जन्माचा सारा वृत्तांत अंगावर बाळगते आणि वाचू इच्छिणाऱ्याला तो मोकळेपणाने वाचू देते. ती वस्तू म्हणजे सुयांवर विणलेले लोकरीचे वस्त्र. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एकूण एक टाका त्यात जागच्या जागी उभा असतो. विणणारे हात समोर नसले, कृती लिहिलेला कागद हरवला असला, तरी टाके साक्ष देतात. ती साक्ष कशी घ्यावयाची, हे एका लहानशा वस्त्राच्या उदाहरणाने पाहू.

मराठीतील ‘विणणे’ हे क्रियापद मोठे उदार आहे. कोष्टी मागावर कापड विणतो, बुरूड टोपली विणतो, खाट सुंभाने विणतात, कोळी आपले जाळे विणतो आणि आजी नातवासाठी कानटोपी विणते. शब्द एक असला, तरी या क्रिया एकमेकींहून अगदी भिन्न आहेत. मागावरील कापडात धाग्यांचे दोन संच असतात. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि आडव्या धाग्यांना बाणा. बाण्याचा धागा ताण्याच्या धाग्यांखालून-वरून सरळ जातो. म्हणून असे कापड फारसे ताणले जात नाही. सुयांवरच्या विणकामात ताणा नाही आणि बाणाही नाही. तेथे बहुधा एकच लांब धागा असतो. त्या धाग्याचा एक फासा घ्यावयाचा, त्या फाशातून दुसरा फासा ओढून काढावयाचा, दुसऱ्यातून तिसरा. असा हा क्रम चालतो. प्रत्येक फासा खालच्या फाशाच्या आधाराने उभा असतो आणि वरच्या फाशाला आधार देतो. या एकेका फाशालाच टाका म्हणतात. फासे वाकडे-तिकडे होऊ शकतात, म्हणूनच लोकरीचा सदरा अंगाबरोबर ताणला जातो आणि काढून ठेवला की पुन्हा पूर्ववत होतो.

टाक्याचे प्रकार मुळात दोनच: सुलट आणि उलट. त्यांतही मौज अशी, की हे दोन निराळे टाके नसून एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत. खालच्या फाशातून नवा फासा पुढच्या बाजूस ओढला, तर समोरून धाग्याच्या दोन तिरप्या रेघा खाली एकत्र मिळालेल्या दिसतात. जणू पाखराने पसरलेले दोन पंखच. हा सुलट टाका. तोच फासा मागच्या बाजूस ओढला, तर समोर एक आडवा उंचवटा दिसतो. हा उलट टाका. सुलट टाक्याच्या पाठीमागे नेहमी उलट टाका असतो आणि उलट टाक्याच्या पाठीमागे सुलट. कागदावर अक्षरे पन्नासांच्या आसपास लागतात. विणकामाच्या लिपीला ही दोनच अक्षरे पुरतात.

या दोन अक्षरांचे काही नियम आहेत. ते ठाऊक असले म्हणजे पुढचे वाचन सोपे होते. समोरची सर्व बाजू सुलट टाक्यांचीच ठेवली, तर वीण गुळगुळीत दिसते. पण तिच्या कडा वळतात. उजवी व डावी कड मागे वळते आणि वरची व खालची कड पुढे वळते. याच्या उलट, दोन सुलट व दोन उलट असे टाके आळीपाळीने घेत गेले आणि प्रत्येक ओळीत सुलटावर सुलट व उलटावर उलट ठेवले, तर उभ्या उंच-सखल पट्ट्या तयार होतात. ही वीण वळत नाही, आवळून बसते आणि ताणली असता पुष्कळ रुंद होते. स्वेटरचे मनगट, गळा आणि कंबर यांच्याशी हीच पट्टी असते, ती शोभेसाठी नव्हे. कड सपाट राहावी व अंगाला धरून बसावी म्हणून.

एवढी तयारी झाल्यावर आता प्रत्यक्ष वस्त्राकडे वळू. ‘श्रग’ नावाचे एक आखूड लोकरीचे वस्त्र असते. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ खांदे उडविणे असा आहे. आणि हे वस्त्र खांद्यांपुरतेच असल्याने ते नाव त्यास शोभते. श्रग पाठीचा वरचा भाग, खांदे आणि बाह्या झाकतो. पुढून तो उघडाच असतो. त्याला गुंड्या नसतात. अंगात घातलेला पाहिला, की तो मोठा गुंतागुंतीचा वाटतो. मानेमागे एक पट्टी कॉलरसारखी दुमडलेली असते. तीच पट्टी दोन्ही खांद्यांवरून पुढे येऊन काखेखालून पाठीकडे वळलेली दिसते. बाही कोठे सुरू होते आणि पाठ कोठे संपते, ते समजत नाही. खांद्यावर जोड नाही, बाहीच्या घेराला जोड नाही. मग हे वस्त्र कसे बरे विणले असेल?

असा श्रग हाती आला, तर चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात. घाईने तर्क बांधू नये; आधी पुरावा गोळा करावा.

पहिली तपासणी शिवणींची. श्रग उलटा करून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, टेबलावर पसरावा आणि बोटाने चाचपत जावे. जेथे दोन कडा जोडल्या असतील तेथे जाड कणा लागतो. या श्रगात असे दोनच कणे सापडतात. प्रत्येक बाहीच्या खालच्या अंगास, मनगटाकडील टोकापासून काखेकडे गेलेली एक शिवण. तिची लांबी २० सेंटीमीटर. दुसरी कोठेही शिवण नाही. याचा अर्थ असा, की बाह्या आणि पाठ हे निरनिराळे तुकडे नाहीत. सारे अंग एकाच तुकड्याचे आहे. केवळ एका निरीक्षणाने अर्धे कोडे सुटले.

दुसरी तपासणी टाक्यांच्या दिशेची. सुलट टाके एकावर एक चढून उभ्या रांगा होतात. त्या रांगा ज्या दिशेला धावतात, त्याच दिशेने विणकाम वाढत गेले असते. नेहमीच्या स्वेटरच्या पाठीवर या रांगा कमरेकडून मानेकडे जातात. पण या श्रगाच्या पाठीवर पाहावे, तो रांगा चक्क आडव्या पहुडलेल्या! त्या एका बाहीतून निघतात, न थांबता पाठ ओलांडतात आणि दुसऱ्या बाहीच्या टोकाला पोहोचतात. म्हणजे विणणारीने एका मनगटापाशी आरंभ केला आणि दुसऱ्या मनगटापाशी शेवट केला. पाठ ही तिच्या दृष्टीने वाटेवरचे एक गाव होते.

तिसरी तपासणी कडांची. मनगटाच्या दोन कडा वरवर सारख्या दिसतात. पण बारकाईने पाहिल्यास फरक कळतो. ज्या कडेला टाके बंद केले असतील, तिच्यावर एकात एक अडकलेल्या दुव्यांची साखळी आडवी निजलेली दिसते. ज्या कडेला टाके घालून आरंभ केला असेल, ती कड सहसा निराळी असते. आरंभ कोणता आणि शेवट कोणता, याचा निवाडा या दोन कडा करतात. श्रगाच्या मधल्या तोंडाभोवती जी रुंद पट्टी आहे, तिची गोष्ट याहून सूचक आहे. तिच्यातील टाक्यांच्या रांगा अंगाच्या रांगांशी काटकोन करून उभ्या आहेत. आणि तिच्या बाहेरच्या कडेला सर्वत्र बंद केलेल्या टाक्यांची साखळी आहे. म्हणजे ही पट्टी अंगाच्या कडेतून टाके उचलून बाहेरच्या दिशेने विणली गेली. घराचा मजला जसा जोत्यानंतर चढतो, तशी ती अंगानंतर आली. येथे एक नियम ध्यानात ठेवावा: जे दुसऱ्यातून उगवले असेल, ते त्याच्या नंतरचे. या पट्टीला कोठेही शिवण नाही, म्हणून ती गोल विणली असली पाहिजे. लवचिक दोरीने जोडलेल्या दोन टोकांची गोल सुई त्यासाठी वापरतात.

चौथी तपासणी गणतीची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. श्रगाची बाही मनगटाशी अरुंद व दंडाशी रुंद दिसते. मग विणणारीने मधे टाके वाढविले असतील काय? डोळा म्हणतो, होय. पण टाके मोजावे, तर मनगटाशी ७०, दंडाशी ७० आणि पाठीच्या मध्यावरही ७०! एकही टाका वाढविलेला नाही की कमी केलेला नाही. मनगटाशी दोन सुलट व दोन उलट अशी पट्टी असल्यामुळे तेवढेच टाके तेथे आवळून बसले आहेत, इतकेच. डोळा फसतो; गणती फसत नाही. टाके सर्वत्र सारखेच असतील, तर तो तुकडा दोन्ही टोकांपासून मध्यापर्यंत एकाच रुंदीचा असला पाहिजे.

आता चारही साक्षी एकत्र मांडून पाहाव्यात. अंगाचा तुकडा एकच आहे. तो मनगटापासून मनगटापर्यंत विणला आहे. त्याची रुंदी सर्वत्र सारखी आहे. त्याला दोनच आखूड शिवणी आहेत. या सर्व अटी पुऱ्या करणारी आकृती एकच, आणि ती म्हणजे साधा आयत. जे वस्त्र अंगावर एवढे चमत्कारिक वाटत होते, ते जमिनीवर पसरले असता चटईसारखे सरळ निघाले. महाराष्ट्रातील मुलांना याचे फार आश्चर्य वाटू नये. नऊवारी लुगडे हेदेखील एक लांबच लांब आयतच नव्हे काय? कात्री न लावता, केवळ नेसण्याच्या कौशल्याने त्या आयताला निऱ्या येतात, काष्टा येतो आणि पदर येतो. श्रगाच्या आयताला घडी आणि दोन शिवणी मिळतात, आणि त्याला बाह्या फुटतात.

तथापि तर्क कितीही पटला, तरी तो पडताळून पाहिल्यावाचून खरा मानू नये. पडताळा घेण्यास लोकर लागत नाही; कागद पुरतो. समजा, श्रगाचा आयत ८० सेंटीमीटर लांब व ३५ सेंटीमीटर रुंद आहे. त्याच्या एक पंचमांश मापाचा, म्हणजे १६ सेंटीमीटर लांब व ७ सेंटीमीटर रुंद असा कागद कापावा. दोन लांब कडा एकमेकींवर येतील अशी त्याची घडी घालावी. मग दोन्ही टोकांपासून प्रत्येकी ४ सेंटीमीटरपर्यंत त्या कडा चिकटवाव्यात आणि मधला ८ सेंटीमीटरचा भाग मोकळा सोडावा. दोन टोकांना दोन नळ्या तयार होतील, त्या बाह्या. मधले मोकळे तोंड उघडले, की त्याच्या मागे पाठ दिसेल. तोंडाची एक कड मानेमागे जाते आणि दुसरी पाठीच्या खालच्या बाजूस बसते. कागदाच्या या श्रगात बाहुलीचे हात घालून पाहिले, की तर्क सिद्ध होतो.

आकार सिद्ध झाला, तरी एवढ्यावर तसाच दुसरा श्रग विणता येणार नाही. त्यासाठी आकड्यांचा हिशेब हवा. लोकरीची जाडी, सुयांची जाडी आणि हाताची वीण घट्ट की सैल, यांवर टाक्याचा आकार अवलंबून असतो. म्हणून कुशल विणणारी आधी एक लहान चौकोनी नमुना विणते आणि १० सेंटीमीटरमध्ये किती टाके व किती ओळी बसतात ते मोजते. समजा, १० सेंटीमीटर रुंदीत २० टाके बसतात आणि १० सेंटीमीटर उंचीत २८ ओळी. म्हणजे एका सेंटीमीटरला २ टाके आणि २.८ ओळी. मग ३५ सेंटीमीटर रुंदीला ७० टाके घालावे लागतील आणि ८० सेंटीमीटर लांबीला २२४ ओळी विणाव्या लागतील.

येथे ७० या संख्येतील एक खुबी पाहण्याजोगी आहे. दोन सुलट व दोन उलट मिळून चार टाक्यांचा एक गट होतो. ७० ला ४ ने भागले, तर १७ गट होऊन २ टाके उरतात. ही बाकी म्हणजे गफलत नव्हे. ओळीचा आरंभ दोन सुलट टाक्यांनी होतो आणि ते उरलेले दोन टाके सुलटच विणल्याने शेवटही दोन सुलट टाक्यांनी होतो. बाही शिवताना दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत आत दडतो. बाहेर एका कडेचा एक आणि दुसऱ्या कडेचा एक असे दोन सुलट टाके शेजारी-शेजारी येतात, आणि दोन-दोनचा क्रम शिवणीवरही मोडत नाही! असा तपशील सापडला, की विणणारीच्या बुद्धीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. तिने पहिला टाका घालण्यापूर्वीच शेवटच्या शिवणीचा विचार केला होता.

मधल्या तोंडाभोवतीच्या पट्टीचा हिशेब थोडा अधिक कठीण आहे. मोकळ्या सोडलेल्या प्रत्येक कडेची लांबी ४० सेंटीमीटर. ही ओळींच्या टोकांची कड असल्यामुळे तिच्यात ४० गुणिले २.८, म्हणजे ११२ ओळी आहेत. प्रत्येक ओळीमागे एक टाका उचलला, तर ११२ टाके होतील. पण ४० सेंटीमीटरमध्ये मावतात ८० टाके. जास्तीचे ३२ टाके कोठे जाणार? पट्टीला लाटा येतील आणि ती झालरीसारखी उभी राहील. ११२ आणि ८० यांचे प्रमाण ७ ला ५ असे आहे. म्हणून दर ७ ओळींमागे ५ टाके उचलावे लागतात. दोन्ही कडा मिळून १६० टाके होतात. १६० ला ४ ने निःशेष भाग जातो; त्यामुळे गोल विणताना दोन सुलट, दोन उलट हा क्रम जेथे सुरू झाला तेथेच येऊन बिनचूक मिळतो. शाळेत गुणोत्तर आणि प्रमाण शिकताना त्यांचा व्यवहारात उपयोग काय, अशी शंका पुष्कळांना येते. या श्रगाची कड सपाट बसते, हेच त्या शंकेचे उत्तर आहे.

सगळे श्रग असेच असतात, असे मात्र समजू नये. टाक्यांची साक्ष निराळी पडली, की निष्कर्षही निराळा काढावा लागतो. काही श्रगांत दोन्ही मनगटांच्या कडांवर बंद केलेल्या टाक्यांची साखळी दिसते. अशा वेळी शेवट दोन झाले आणि आरंभ एकही नाही! त्याचा उलगडा पाठीच्या मध्यावर होतो. विणणारीने मध्यापासून आरंभ करून एक अर्धा भाग विणला आणि मग त्याच आरंभाच्या कडेतून टाके उचलून दुसरा अर्धा भाग उलट दिशेने विणला. अशा जागी दोन्हीकडच्या रांगा नेमक्या समोरासमोर येत नाहीत. त्या अर्ध्या टाक्याने सरकतात. उलट-सुलट पट्ट्यांच्या विणीत ही सरक डोळ्यांना दिसते. एवढा खटाटोप कशासाठी? विणीत पानांची नक्षी असेल, तर एका मनगटापासून दुसऱ्यापर्यंत सरळ विणल्यास एका बाहीवरची पाने खाली पाहतील आणि दुसरीवरची वर. मध्यापासून दोन्हीकडे विणल्यास ती दोन्ही बाहींवर सारखी दिसतात. काही श्रग मानेपासून खाली विणलेले असतात. त्यांच्या खांद्यांवर टाके वाढविल्याच्या तिरप्या रेषा स्पष्ट दिसतात. काहींत पाठ निराळी आणि बाह्या निराळ्या विणून शेवटी शिवलेल्या असतात. त्यांच्या खांद्यांशी शिवणीचा कणा बोटाला लागतो. प्रश्न तोच, तपासणीचा क्रमही तोच. उत्तर मात्र वस्त्रच देते.

एका श्रगासाठी एवढा विचार कशाला, असे कोणास वाटेल. पण याच रीतीने विद्वानांनी इतिहासातील अनेक गोष्टी उजेडात आणल्या आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाचा बेटांचा समूह आहे. तेथील गनिस्टर या गावाजवळ १९५१ साली, जळणासाठी दलदलीतील पीट खणताना, एका अनोळखी मनुष्याचे दफन सापडले. देहाचे फारसे काही उरले नव्हते. परंतु पीटच्या गुणामुळे त्याचे लोकरीचे कपडे टिकून राहिले होते. जवळच्या नाण्यांवरून तो सतराव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास वारला असावा, असे ठरले. त्याच्या अंगावरच्या व जवळच्या वस्तूंत विणलेल्या टोप्या, हातमोजे, लांब पायमोजे आणि रंगीत नक्षीची एक लहान पिशवी होती. ऑड्री हेन्शॉल आणि स्टुअर्ट मॅक्सवेल या अभ्यासकांनी त्या वस्तूंची बारकाईने तपासणी करून तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे शेटलंडमध्ये त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती तयार करण्यात आल्या. त्या मनुष्याचे नाव कोणाला कळले नाही. त्याचे मोजे कोणी विणले, हेही कोणाला कळले नाही. परंतु त्या अज्ञात हातांनी घातलेले टाके जवळजवळ अडीचशे वर्षे मातीत राहूनही बोलले, आणि त्यांचे बोलणे ऐकणारे निघाले.

टाक्यांची साक्ष कधी कधी रूढ समजुतीलाही धक्का देते. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेले तांबड्या लोकरीचे पायमोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते इ. स. २५० ते ४२० या काळातील मानले जातात. वहाणेचा पट्टा बसावा म्हणून त्यांचा अंगठा वेगळा केलेला आहे. वरवर पाहिल्यास ते दोन सुयांवर विणलेले वाटतात. पण त्यांचे फासे तपासले असता निराळीच गोष्ट कळते. ते नेढे असलेल्या एकाच सुईने, धाग्याचे आखूड तुकडे प्रत्येक फाशातून पूर्ण ओढून घेत, केलेले आहेत. दोन सुयांवर विणलेल्या वस्त्राचा शेवटचा टाका सोडून धागा ओढला, तर ते सरसर उसवते. एका सुईने केलेले काम तसे उसवत नाही. खऱ्या अर्थाने विणलेले जे जुने पायमोजे इजिप्तमध्ये मिळाले, ते निळ्या-पांढऱ्या सुती धाग्याचे असून कित्येक शतके नंतरचे आहेत. एका फाशाच्या पिळावरून कलेच्या इतिहासाचे पान बदलते, ते असे.

घडणीची उकल झाली, म्हणजे केवळ जुन्याची नक्कल करता येते असेही नाही. तीतून नवे सुचते. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने पायमोजे विणण्याचे यंत्र तयार केले. हाताने विणताना एक सुई सर्व टाके सांभाळते आणि दुसरी एकेक नवा टाका काढते. लीच्या यंत्रात टाक्यागणिक एक स्वतंत्र आकडी होती. त्यामुळे सबंध ओळ एकदमच पुरी होऊ लागली. फाशातून फासा कसा निघतो, हे ज्याला नीट उमगले होते, त्यालाच असे यंत्र सुचू शकले. बाजारातील यंत्रावर विणलेला बनियन भिंगाखाली धरून पाहावा. त्याच्या पोटातही तेच पंख पसरलेले टाके, त्याच उभ्या रांगांत, शांतपणे उभे असलेले दिसतील.

हे शिक्षण घेण्यास खर्च काहीच नाही. घरातील जुना मफलर, कानटोपी किंवा बाळाचे लोकरीचे मोजे घ्यावेत आणि एक पट्टी व पेन्सिल घेऊन बसावे. शिवणी कोठे आहेत, रांगा कोणत्या दिशेला जातात, आरंभाची कड कोणती व शेवटची कोणती, आणि १० सेंटीमीटरमध्ये टाके किती, हे चार प्रश्न क्रमाने विचारावेत व उत्तरे लिहून काढावीत. एखाद्या ओळीत टाके कमी झालेले आढळले, तर ते नेमके कोठे व का कमी केले, याचा विचार करावा. टोपीच्या माथ्याकडे दोन-दोन टाके एकत्र विणून घेर कसा आटोपत आणला आहे, हे एकदा ध्यानात आले, की डोक्याची गोलाई आणि टाक्यांची संख्या यांचे नाते कळू लागते.

ज्या हातांनी ते वस्त्र विणले, ते हात कदाचित आता थकले असतील, दूर असतील किंवा नसतीलही. आपण हे कसे केले, ते त्या माणसाने कोणाला सांगितले नसेल. आणि कोणी विचारलेही नसेल. पण त्याने केलेला प्रत्येक विचार टाका होऊन तेथेच थांबलेला आहे. जो धीराने मोजील, त्याला तो कळेल. आणि ज्याला तो कळेल, त्याच्या हातून ती वीण पुढे चालू राहील.